दादाचा सामना, कांद्याच्या मुलखात

फिलिपाइन्सला जाऊन आले म्हटल्यावर लोक विचारतात, समुद्र कसा होता? मी सांगते, समुद्र विमानातून दिसला तेवढाच. आम्ही गेलो होतो आतल्या बाजूला, कांद्याच्या मुलखात. यावर लोक हसतात. नाशिकची बाई पैसे खर्चून परदेशात जाते आणि कांदे बघून येते! मलाही हसू आलं असतं, पण परत आल्यापासून पायाची सूज अजून पुरती उतरलेली नाही आणि झोपही भरून निघालेली नाही. तरी लिहायचं ठरवलं. तिथं जे झालं ते दादा कुणाला सांगणार नाही, आणि वहिनीला अर्धंच माहीत आहे.

देवळाली कॅम्प

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ अशोक. आम्ही मूळचे नांदगावकडचे. तो तोफखान्यात सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि देवळाली कॅम्पातच राहिला. मी विंचूरच्या वाइन पार्कमध्ये एका कारखान्यात आहे, बाटल्या भरण्याच्या विभागावर देखरेख करते.

निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात किंवा गावच्या राजकारणात पडतात. दादाला प्रॅक्टिकल शूटिंगचा नाद लागला. एका जागी उभं राहून ठिपक्यावर नेम धरायचा, तो हा खेळ नव्हे. बझर वाजला की कमरेचं पिस्तूल उपसायचं आणि आडोशाआडून, वाकून, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर पळत पुठ्ठ्याची आणि लोखंडी निशाणं मारायची. नेमही मोजतात आणि वेळही. आपल्याकडे याची सोय फार थोडी. दादा घरामागच्या अंगणात हवेच्या पिस्तुलावर सराव करायचा. मी सुट्टीला गेले की बझरचं काम माझ्याकडे. मोबाइल चेहऱ्याजवळ धरून मी बटण दाबायची, तो पिस्तूल काढायचा. मागून कॅम्पाच्या तोफांचे आवाज येत राहायचे आणि खिडक्यांची तावदानं थरथरायची. तिकडे कुणी लक्षही देत नसे.

मग त्याच्या एका जुन्या सोबत्यानं फिलिपाइन्समधल्या सामन्याची माहिती काढली. हौशी लोकांनाही घेतात, पिस्तूल तिथल्या क्लबाकडून भाड्यानं मिळतं, काडतुसंही तिथंच. दादानं नाव घातलं. वहिनी अडून बसली.

"टीव्ही लावला की आवाज रस्त्यापर्यंत जातो," ती म्हणाली. "दाराची बेल वाजली तरी हे उठत नाहीत. परमुलखात कसं होणार? मंदाताई, तुम्ही जाणार असाल तरच सोडते."

"मला ऐकू येतं," दादा म्हणाला. "तुम्ही बाया हळू बोलता."

द्राक्षांचा हंगाम नुकता संपला होता. महिनाभर मी धड झोपले नव्हते. रजा मिळाली ती झोपण्यासाठी वापरायची होती. पण दादा साठी ओलांडून गेलेला, मनगट दुखतं, पुढच्या वर्षी जमेल की नाही कोण जाणे. मी हो म्हटलं.

कांद्याचं गाव

मनिलाहून बसनं उत्तरेकडे निघालो. डोंगर लांब गेले आणि सपाट काळी जमीन लागली, आणि मी काचेला नाक लावून बसले. दोन्हीकडे कांदा. पात माना टाकून पडलेली, बाया ओळीनं बसून उपटतायत, डोक्याला फडकी बांधलेली. लाल जाळीच्या पिशव्या बांधावर रचलेल्या. आपली लासलगावची वाट असावी, फक्त मध्येच नारळाची झाडं घुसवलेली.

"दादा, बघ," मी ओरडून म्हटलं.

"बघतोय. कांदा बारीक हाय यांचा."

आम्ही उतरलो त्या घरी पाहुण्यांना खोल्या देत. घरमालकीण दादाला 'कुया' म्हणू लागली. कुया म्हणजे थोरला भाऊ. मोठ्या बहिणीला म्हणतात 'आते'. मला हे फार चमत्कारिक वाटलं. आपली आते बापाची बहीण, त्यांची आते आपलीच बहीण. घरातली लेक पुढं आली, तिनं दादाचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. दादा दचकला. आपण वडीलधाऱ्यांच्या पायापर्यंत वाकतो, ते लोक वडिलांचा हात स्वतःच्या कपाळापर्यंत उचलतात. वाकायला लागत नाही, हे माझ्या कंबरेला बरं वाटलं.

सकाळी लसणाची फोडणी दिलेला भात, तळलेली सुकी मासळी, आणि वाटीत व्हिनेगर. व्हिनेगरमध्ये कच्चा कांदा आणि मिरची. दादानं मासळी दोनदा मागून घेतली. मला त्या व्हिनेगरच्या वासानं कारखाना आठवला. आमच्याकडे हा वास आला म्हणजे पिंप बिघडलं. इथं त्याच्यात बुडवून जेवतात.

क्लबावर गेल्यावर पहिला घोटाळा झाला. दादानं नाशिकहून पट्टा, होल्स्टर, काडतुसांची मॅगझिनं अडकवायच्या खोबण्या आणि कानावर लावायचे मफ असं सगळं आणलं होतं. होल्स्टर घट्ट प्लॅस्टिकचं, ठरलेल्या पिस्तुलाच्या मापाचं. क्लबानं मात्र दुसऱ्याच बनावटीचं पिस्तूल काढून दिलं. ते आत जाईना. ठरलेलं पिस्तूल दुरुस्तीला गेलं होतं म्हणे. दादाचं तोंड उतरलं. शेवटी पिस्तुलाच्या मापाचा एक लाकडी ठोकळा क्लबातूनच मिळाला. तो आत घालून, घरमालकिणीच्या केस वाळवायच्या यंत्रानं होल्स्टर तापवत आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी गरम वारा सोडतेय, तो रुमालानं दाबतोय. प्लॅस्टिक सैल झालं, पण तोंडाशी थोडं वेडंवाकडंच राहिलं.

"लग्नात मोजडी चावते तसं होणार हे," दादा म्हणाला.

आतेचं दुकान

खरी निवड काडतुसांची होती. कारखान्यात बनलेलं काडतूस घेतलं तर भरवसा असतो, पण झटका जोराचा. सरावाच्या फेरीत तसली मारल्यावर दादाचं मनगट लगेच सुजलं. क्लबातल्या लोकांनी सांगितलं, आते नेनाकडे जा, ती हातानं भरते, मऊ भरते.

मऊ म्हणजे बारूद बेतानं. पण फार मऊ करूनही चालत नाही. सामन्यात एक यंत्र असतं, त्याच्यासमोरून गोळी झाडून वेग मोजतात. ठरल्यापेक्षा जोर कमी पडला तर तुमचे गुणच धरत नाहीत. तेव्हा मनगटाला सोसेल इतकं मऊ आणि यंत्राला चालेल इतकं कडक, असं ते भरावं लागतं.

आते नेना माझ्याच वयाची, ठेंगणी, चष्मा दोरीनं गळ्यात. घराच्या मागच्या पडवीत तिचं काम. एका मोठ्या भांड्यात वापरलेल्या पितळी पुंगळ्या थरथरत फिरत होत्या. त्यांच्याबरोबर दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा. त्यानं पुंगळ्या घासून सोन्यासारख्या निघतात. बाजूला लोखंडी यंत्र, त्याला लांब दांडा. दांडा ओढला की एकीकडे पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसते, पुढं बारूद पडते, त्यापुढं वर गोळी बसून दाबली जाते आणि तयार काडतूस डब्यात टपकन पडतं. बाई दांडा ओढायची, पुंगळीत डोकावायची, गोळी ठेवायची, पुन्हा दांडा. दळण दळावं तशी लय.

मी बघत राहिले. आमच्या कारखान्यात हेच तर चालतं. बाटली येते, भरते, बूच बसतं, पुढं सरकते. भरताना एखादी बाटली अर्धी राहून जाते, म्हणून पुढं दिव्याच्या उजेडात माणूस बसवलेला असतो.

"तू पण दारू भरतेस, ही पण दारू भरते," दादा म्हणाला आणि स्वतःच मोठ्यानं हसला. आतेला हे इंग्रजीत समजावणं मला काही जमलं नाही. दोन्ही दारूंना एकच शब्द कसा, हे सांगता सांगता मी थकले आणि सोडून दिलं. तरी ती हसली.

मध्येच बाहेर कांद्याची गाडी आली. कुणीतरी हाका मारल्या, आते हात पुसत उठून गेली, परत आली, दांडा धरला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आमच्या घरी भाकरी थापतानाही माणसं अशीच उठतात.

दुपारी दादानं तिची काडतुसं मारून बघितली. मनगट शाबूत. वेगाच्या यंत्रानंही हरकत घेतली नाही. दादा खुशीत होता. पोटऱ्यांत गोळे आले म्हणून मी जेवल्याबरोबर आडवी झाले.

सामना

मातीच्या उंच बांधांनी पाडलेले चौक, प्रत्येक चौकात वेगळी मांडणी. प्रेक्षकांसाठी कडेनं दोरी. ऊन असं की बोलायलाही नको वाटावं. आमच्या गटाचा पंच रोमेल नावाचा होता. मोठा, संथ माणूस, खाकी टोपी. तो नेमबाजाच्या खांद्यामागं उभा राहून बझर वाजवायचा.

पहिल्या चौकात शिरण्याआधी दादानं मला सांगितलं, "मंदे, तू डाव्या अंगाला उभी राहा. दोरीला लागून. मला दिसली पायजेस."

"कशाला? सावलीत बसते की."

"उभी राहा म्हटलं ना."

मला वाटलं, परक्या जागी आपलं माणूस समोर असलं की धीर येतो. उभी राहिले. बझर वाजला की मी दरवेळी दचकते, सवयच आहे. दादा निघायचा, पण बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा. मी मनात म्हटलं, वय झालं. नेम मात्र चांगला होता. लोखंडी पाट्या पडत होत्या. माणसं टाळ्या वाजवत होती. होल्स्टर एकदा अडकलं, पण दादानं शिवी देऊन सोडवलं. त्या शिवीचा अर्थ रोमेलनं मला विचारला, मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं.

दादा एका फळीआडून निशाणं मारत होता. ठाण, ठाण, ठाण असे आवाज ठरल्या चालीनं येत होते. मध्येच एक आवाज आलाच नाही. म्हणजे आला, पण फुस्स असा. आसपास सगळ्यांच्या माना वळल्या. पिस्तुलाचा वरचा भाग जागचा हलला नव्हता. फौजेत हाडीमाशी मुरलेलं दादानं केलं. मॅगझिनला खालून हाताचा तडाखा दिला, वरचा भाग हातानं मागं ओढून सोडला, नवं काडतूस आत घेतलं आणि पिस्तूल परत उचललं.

रोमेल ओरडला, "स्टॉप!"

दादा थांबला नाही.

"स्टॉप! स्टॉप!"

त्या फुस्सचा अर्थ मला आतेनं परवाच पडवीत सांगितला होता. पुंगळीत बारूद पडलीच नाही तर नुसती टोपी फुटते, आणि तेवढ्या जोरावर गोळी नळीत सरकून मध्येच रुतून बसते. त्यामागून दुसरी गोळी झाडली की नळी फाटते. हात जातो, डोळे जातात.

माझ्या तोंडून आवाज फुटला की नाही, आठवत नाही. दोन्ही हात डोक्यावर उभे केले एवढं आठवतं. आणि दादा तिथल्या तिथं गोठला. बोट बाहेर आलं. पिस्तूल मातीच्या बांधाकडेच राहिलं. त्याच क्षणी रोमेलचा पंजा त्याच्या कोपरावर पडला.

पिस्तूल रिकामं केलं. रोमेलनं पितळी गज घेतला, नळीत घातला आणि लाकडी हातोडीनं ठोकला. दुसऱ्या बाजूनं गोळी हळूच बाहेर आली आणि टेबलावर पडली. मी मातीत बसले.

रोमेल माझ्याकडे आला. "मी तीनदा ओरडलो. पंचाचा हुकूम मोडला तर सामन्यातून बाहेर काढावं लागतं. त्यांनी का ऐकलं नाही?"

मी दादाच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. तो पट्ट्याशी खेळत होता.

"सांग त्याला, गोळीबारात ऐकू आलं नाय."

"दादा, गोळीबार कुठं होता? तू एकटाच मारत होतास."

तो पट्टा सोडून म्हणाला, "मंदे, मला बझर पण ऐकू येत नाय."

"काय?"

"किती वर्षं झाली. तू दचकतेस ना, ते बघून निघतो मी. अंगणात पण तसंच. तू बटण दाबताना डोळे मिटतेस."

तिथं उन्हात, मातीत बसून मी त्याच्याकडे बघत राहिले. राग यायला हवा होता. पण इतका थकवा आला की राग कुठून आणणार? वहिनी किती वर्षं घसा फोडतेय, मुलं फोनवर ओरडतायत, आणि हा म्हणतोय बाया हळू बोलतात.

"हे मी त्यांना सांगू?" मी विचारलं. "सांगितलं तर ठेवतील कदाचित. नाही सांगितलं तर घरी जाऊ. मला दोन्ही चालेल दादा, खरंच चालेल. पण आता तू ठरव."

नळीतून निघालेली गोळी त्यानं बोटांत धरून बघितली, परत टेबलावर ठेवली. मग वळला. रोमेलसमोर सावधान उभा राहिला, फौजेत उभं राहतात तसा. आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत, माझ्या मदतीशिवाय, म्हणाला, "सर. आय ॲम गनर. ईअर फिनिश."

रोमेलनं टोपी काढली. मुख्य पंचाकडे गेला, दोघं बराच वेळ बोलले. निकाल असा आला की या चौकात पुढची निशाणं चुकलेली धरायची, पण उरलेला सामना खेळता येईल. त्याच बनावटीचं दुसरं पिस्तूल घ्यायचं. आणि बझरऐवजी पंच खांद्यावर हात ठेवेल. थांबवायचं झालं तर तोच हात घट्ट दाबेल. आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून हेच केलं असतं, असं मुख्य पंच म्हणाला. नियमातच आहे.

आते येते

बातमी गावात आमच्याआधी पोचली. दुपारी आते नेना आली. चेहरा राखेसारखा. तिनं आमच्याकडची उरलेली सगळी काडतुसं डब्यासकट परत घेतली. वजन करून रिकामं काडतूस सापडत नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, पुंगळ्या आणि गोळ्याच थोड्या कमीजास्त भरतात, खात्री देता येत नाही, सगळीच उघडणार. मग म्हणाली, "कांद्याची गाडी आली तेव्हा झालं असेल. किंवा नसेल. पण माझ्या हातून झालं."

दादाला मी हे मोठ्यानं सांगितलं. त्यानं आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले, उलटेसुलटे करून दाखवले.

"तिला सांग, हात हायेत. रडू नको म्हणावं."

तिनं त्यातला उजवा हात घेतला आणि कपाळाला लावला. दादाला काय करावं सुचेना. त्यानं तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला, आपण लेकीबाळींच्या ठेवतो तसा. त्यांच्याकडे तसं करतात की नाही, मला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी दादा कारखान्याच्या काडतुसांवर खेळला. मी मनगटाला पट्टी घट्ट बांधून दिली. प्रत्येक गोळीला त्याचा चेहरा आवळत होता. पण खांद्यावर हात पडायचा आणि तो झपकन निघायचा. मी त्याला इतक्या चटकन निघालेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि मला डाव्या अंगाला उभं राहायची गरज नव्हती. मी सावलीतल्या बाकावर बसले आणि दोन चौकांच्या मध्ये, त्या सगळ्या धडधडाटात, चक्क झोपले.

निकालात त्याचं नाव खालून शोधलं तर लवकर सापडत होतं. रोमेलनं त्याला कडक सलाम ठोकला. दादानंही ठोकला.

परतीची बस

परतताना बसमध्ये दादा खिडकीशी बसला. बाहेर तेच कांदे, त्याच बाया. माझं डोकं जड झालं होतं. विंचूरला गेल्यावर कोणती पाळी लागेल याचा विचार करत होते. त्यानं मला कोपरानं ढोसलं.

"मंदे, पिस्तुलाचा आवाज कसा असतो गं? बाकीच्यांना कसा येतो?"

मी विचार करून त्याच्या कानाशी म्हटलं, "कोरडा. वाळलेली फळी फरशीवर आपटावी तसा. कानात बसतो."

"आणि परवाचा? रुतली तेव्हाचा?"

"तो आवाज नव्हताच दादा. बाटलीचं बूच हळूच निघावं, तेवढाच."

तो मान हलवत राहिला. बस एका गावात थांबली, माणसं उतरली, चढली. मग म्हणाला,

"मला सगळेच तसे येतात."